मैदानावरचा चष्मा: नंबर असलेल्या खेळाडूंनी काय घ्यावे, कुठे घ्यावे, पैसे कुठे वाचवावेत

पाटोद्यात पहाटे रस्त्यावर आले की भरतीची तयारी करणारी मुले-मुली पळताना दिसतात. संध्याकाळी गावोगावच्या शाळांच्या मैदानावर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉलचे क्रिकेट चालते. एप्रिल महिना आला की भीमजयंतीनिमित्त स्पर्धा भरतात. या सगळ्या गर्दीत चष्मा लावलेले खेळाडू मात्र फार थोडे दिसतात. नंबर असलेली मुले आपल्याकडे कमी आहेत, असे त्याचे कारण नाही. काहीजण चष्मा घरी ठेवून अंदाजाने खेळतात, काहींनी डोळे कधी तपासलेलेच नाहीत, आणि काहींनी चष्मा लागला त्या दिवसापासून खेळ सोडलेला आहे.

यात मुलींचे नुकसान जास्त होते. "चष्मा फुटला तर नवा कोण आणणार?" हा घरातला प्रश्न असतो आणि "चश्मिस" ही मैदानावरची हाक असते. या दोन्हींच्या मध्ये चांगली खेळणारी मुलगी सातवी-आठवीत बाजूला बसते. आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांची तसबीर आहे आणि त्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे. ज्या समाजाने त्या चष्म्याला ज्ञानाची खूण मानले, त्या समाजात चष्म्यामुळे कुणी मैदान सोडावे हे आम्हाला पटत नाही.

म्हणून खेळासाठी नंबरचा चष्मा घेताना लागणारी माहिती आम्ही इथे एकत्र दिली आहे. पाटोदा तालुका डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली असली, तरी मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात ती उपयोगी पडेल.

हा प्रश्न आपल्याकडे वेगळा का आहे

पाटोदा हा बालाघाटाच्या डोंगररांगेतला तालुका. मांजरा नदी इथेच उगम पावते, तरीही पाण्याची टंचाई पाठ सोडत नाही. शेतीवर भागत नाही म्हणून दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि हंगाम संपला की परततात. शाळेतली आरोग्य तपासणी नेमकी त्या काळात झाली तर कोयत्यावर गेलेल्या आई-बापांबरोबरचे मूल तपासणीतून सुटते. पुढच्या वर्षीही तेच होते. मुलाला फळ्यावरचे दिसत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि "अभ्यासात मागे आहे" असा शिक्का बसतो.

दुसरी बाजू भरतीची. आपल्या तालुक्यातल्या तरुणांसाठी पोलीस, सैन्य आणि निमलष्करी दले हा नोकरीचा मोठा मार्ग आहे. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये राहिला आणि तिथून धावपटू म्हणून पुढे आला. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या प्रकाराची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. वीटभट्टीवर राबणाऱ्या आई-बापांचा हा मुलगा आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना रोज पळायला लावतो. पण दोन-तीन वर्षे पळून, मैदानी चाचणी पास होऊन वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवर अडकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. आपल्याला नंबर आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालानुसार जगात किमान २२० कोटी लोकांना दृष्टीचा काही ना काही दोष आहे, आणि त्यातल्या किमान १०० कोटी लोकांचा दोष टाळता आला असता किंवा त्यावर अजून उपचार झालेले नाहीत. साध्या चष्म्याने दूर होणारे दोष त्यात मोठ्या संख्येने आहेत.

पहिली पायरी: डोळे तपासून घ्या, तेही फुकट

दुकानात जाण्याआधी तपासणी करा. घरच्या घरी एक साधी चाचणी होते. सहा मीटरवर, म्हणजे साधारण आठ मोठ्या पावलांवर, भिंतीला दिनदर्शिका लावा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसत नसेल, किंवा शेजारी उभ्या मित्राला वाचता येते ते तुम्हाला येत नसेल, तर तपासणी हवीच. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिले तर एका डोळ्याचा दोष लपून जातो, म्हणून एकेक डोळा झाकणे महत्त्वाचे.

तपासणीसाठी हे पर्याय आहेत:

१. ग्रामीण रुग्णालय. नेत्र चिकित्सा अधिकारी कोणत्या दिवशी बसतात हे आधी विचारून जा, म्हणजे फेरी वाया जात नाही.

२. शाळा आणि अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर इथून झाली. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि दृष्टिदोष त्या यादीत आहे. पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येणे अपेक्षित आहे. पथक येण्याची तारीख मुख्याध्यापकांकडून घ्या आणि ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी ती मागे-पुढे करायला सांगा.

३. राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रम. १९७६ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात नंबर निघालेल्या शाळकरी मुलांना मोफत चष्मा देण्याची तरतूद आहे. "मोफत चष्मा मिळेल का" असे न विचारता "या कार्यक्रमातला चष्मा कधी मिळेल" असे विचारा.

४. मोठी तपासणी लागली तर बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. धर्मादाय पद्धतीने चालणाऱ्या रुग्णालयांमध्ये जालन्याचे गणपती नेत्रालय आणि पुण्याचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय मराठवाड्यातल्या रुग्णांना परिचित आहे.

शाळेतून मिळणारा मोफत चष्मा रोजच्या वापरासाठी असतो, तो खेळाचा चष्मा नव्हे. पण नंबर मोफत निघाला की निम्मे काम होते.

नंबरचा कागद वाचायला शिका

कागदावर उजव्या आणि डाव्या डोळ्यासाठी वेगळ्या ओळी असतात. पहिला आकडा मुख्य नंबर. उणे चिन्ह असेल तर लांबचे दिसत नाही, अधिक असेल तर जवळचे पाहताना डोळ्यावर ताण येतो. दुसरा आकडा सिलिंड्रिकल, म्हणजे आडवा-उभा नंबर. तिसरा ॲक्सिस, म्हणजे तो नंबर किती अंशांच्या कोनात बसवायचा. याखेरीज पीडी लिहून घ्या. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधले मिलिमीटरमधले अंतर. बहुतेक ठिकाणी ते कागदावर लिहीत नाहीत, मागितले तर मोजून देतात. पीडी चुकले तर नंबर बरोबर असूनही डोके दुखते आणि चेंडूचा अंदाज चुकतो. ऑनलाइन चष्मा मागवणार असाल तर पीडीशिवाय मागवूच नका.

नजर ६/६ किंवा ६/९ अशी लिहितात. ६/९ म्हणजे साधारण नजरेला जे ९ मीटरवरून वाचता येते, ते तुम्हाला ६ मीटरवरून वाचावे लागते.

वाढत्या वयात नंबर बदलत राहतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूने वर्षातून एकदा तपासणी करावी. नंबर भराभर वाढत असेल तर सहा महिन्यांनी करावी. जुन्या नंबरवर नवा महाग चष्मा करणे म्हणजे पैसे पाण्यात.

काचेचे भिंग मैदानावर नको

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ती ही: खेळताना काचेचे भिंग वापरू नका. चेंडू किंवा कोपर लागून काच फुटली तर तिचे तुकडे थेट डोळ्यात जातात.

साध्या प्लास्टिकच्या भिंगाला दुकानात सीआर-३९ किंवा "फायबर" म्हणतात. ते काचेपेक्षा बरे, पण जोराचा मार लागला तर तेही तडकते. खेळासाठी योग्य भिंग पॉलिकार्बोनेटचे. ते वजनाला हलके असते, जोरदार आघात सोसते आणि सूर्याची अतिनील किरणे स्वतःच अडवते, त्यासाठी वेगळा थर द्यावा लागत नाही. त्याची खोड एक आहे: ते लवकर ओरखडते. म्हणून त्यावर हार्ड कोटिंग असल्याची खात्री करा आणि ते शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी पाण्याने धूळ घालवा, मग मऊ कापडाने पुसा. आपल्याकडच्या धुळीत हा नियम पाळला तर चष्म्याचे आयुष्य वाढते. ट्रायव्हेक्स नावाचे भिंगही मजबूत असते आणि त्यातून जास्त स्पष्ट दिसते, पण ते महाग पडते आणि तालुक्याच्या दुकानात सहसा मागवावे लागते.

दुकानदार "अनब्रेकेबल" म्हणाला तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. भिंग पॉलिकार्बोनेट आहे का ते विचारा आणि बिलावर तसे लिहून घ्या. आमच्यातल्या एकाने पॉलिकार्बोनेटचे पैसे दिले होते. सहा महिन्यांनी भिंग कडेला तडकले, तेव्हा कळले की ते साधे फायबर होते. बिल नव्हते, त्यामुळे बोलायला जागाच उरली नाही.

खेळाच्या चष्म्यासाठी अमेरिकेत एएसटीएम एफ८०३ हे मानक आहे. ते छापलेले असेल तर उत्तम. एएनएसआय झेड८७.१ हे कारखान्यातल्या सुरक्षा चष्म्याचे मानक आहे. ते साध्या चष्म्यापेक्षा चांगले, पण खेळाच्या मानकाची जागा ते घेत नाही.

फ्रेम कशी असावी

चष्म्याच्या काडीच्या आत तीन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ५२-१८-१४०. पहिला भिंगाची रुंदी, दुसरा नाकावरचे अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. तुमच्या चेहऱ्याला बसणाऱ्या जुन्या फ्रेमचे आकडे टिपून ठेवा, नवीन घेताना चूक होत नाही.

खेळासाठी हे पाहा:

– धातूची फ्रेम नको. मार लागला की ती वाकते आणि कडा चेहऱ्यात रुतते. लवचिक प्लास्टिकची घ्या. दुकानात टीआर-९० नावाने जी हलकी फ्रेम मिळते ती चालते.
– नाकावर आणि काडीच्या टोकाला रबर किंवा सिलिकॉन असावे. घामाने गुळगुळीत प्लास्टिक घसरते, रबर धरून राहते.
– भिंग पूर्ण फ्रेममध्ये बसलेले असावे. अर्ध्या फ्रेमचा किंवा बिनफ्रेमचा चष्मा मैदानावर नको.
– भिंग पुढून आत बसवलेले असेल तर मार लागल्यावर ते डोळ्याकडे निसटू शकते. खेळाच्या फ्रेममध्ये ते मागे जाऊ नये अशी खाच असते. दुकानात अंगठ्याने हलके दाबून पाहा.
– डोके खाली घालून जोरात हलवा. चष्मा हलला तर तो तुमचा नाही.

नंबर मोठा असेल, म्हणजे साधारण उणे ६ च्या पुढे, तर चेहऱ्याभोवती वळणारी फ्रेम घेऊ नका. वळलेल्या भिंगात मोठा नंबर नीट बसत नाही, कडेने वाकडे दिसते. अशांनी लहान आकाराची, सरळ फ्रेम आणि पट्टा घ्यावा.

खेळानुसार काय घ्यावे

*धावणे आणि मैदानी चाचणी.* यात डोळ्यावर मार लागण्याचा धोका कमी असतो, घसरणे आणि घाम हाच त्रास. रोजचाच हलका चष्मा पट्टा लावून चालतो. आधी पट्टा घ्या, नवा चष्मा नंतर. पहाटे अंधारात रस्त्यावर पळणाऱ्यांनी तर चष्मा लावूनच पळावे, समोरून येणारी गाडी आणि रस्त्यावरचा खड्डा दोन्ही दिसले पाहिजेत.

*टेनिस बॉलचे क्रिकेट.* पॉलिकार्बोनेट भिंग, प्लास्टिकची फ्रेम, पट्टा. लेदर बॉल असेल तर फलंदाजी आणि यष्टिरक्षण करताना जाळीचे हेल्मेट हवेच, आणि हेल्मेट घालून चष्मा दबतो का ते आधी पाहा. चष्मा लावून क्रिकेट खेळता येत नाही असे म्हणणाऱ्यांना नरेंद्र हिरवाणी आठवून द्या. १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजविरुद्धच्या पहिल्याच कसोटीत त्याने १६ बळी घेतले, तेही चष्मा लावून. अनिल कुंबळे सुरुवातीची वर्षे चष्म्यावरच खेळला. न्यूझीलंडचा डॅनियल व्हेटोरी तर अखेरपर्यंत चष्म्यातच खेळला.

*बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉल.* बॅडमिंटनचे फूल लहान असल्याने थेट डोळ्याच्या खोबणीत बसते. सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटर मोजला गेला. गावातल्या खेळात तेवढा वेग नसतो, पण डोळ्याला इजा व्हायला त्याच्या कितीतरी कमी वेग पुरतो. दुहेरीत जाळीजवळ खेळणाऱ्याने गॉगलसारखा बंद, पट्ट्याचा चष्मा घ्यावा. ज्यांना नंबर नाही त्यांनीही बिननंबरचा संरक्षक चष्मा घातला तर बरे.

*फुटबॉल.* नियमावलीतल्या चौथ्या नियमात खेळाच्या चष्म्याला स्पष्ट परवानगी आहे. पंचाने अडवले तर नम्रपणे नियम दाखवा. नेदरलँड्सचा एडगर डेव्हिड्स काचबिंदूच्या त्रासामुळे गॉगल लावून जगातल्या मोठ्या स्पर्धा खेळला.

*कबड्डी आणि कुस्ती.* इथे अंगाला अंग भिडते. चष्मा तुमच्याही डोळ्याला धोका आणि समोरच्याच्याही. नंबर लहान असेल तर बिनचष्म्याचे खेळा. मोठा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार करा.

*खो-खो.* पळताना, खांबाला वळसा घेताना आणि सूर मारताना चष्मा निसटतो. हलकी फ्रेम, घट्ट पट्टा आणि पॉलिकार्बोनेट भिंग असेल तर सराव होतो. सामन्याआधी पंचांना चष्मा दाखवून परवानगी घ्या.

*पोहणे.* विहिरीत, तलावात पोहताना चष्मा लागत नाही, पण नंबरचा पोहण्याचा गॉगल तयार मिळतो. त्यात नंबर अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने असतात. आपल्या नंबरच्या जवळचा, किंचित कमी नंबर घ्यावा. आडवा नंबर त्यात मिळत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्स: चांगला पर्याय, पण पाण्याची अट

कॉन्टॅक्ट लेन्स घातली की चष्मा घसरत नाही, धुके धरत नाही, कडेचेही दिसते. पण तिच्यामुळे डोळ्याचे रक्षण होत नाही. आणि आपल्या तालुक्यात एक मोठी अट आहे ती पाण्याची. टँकरचे, हापशाचे, विहिरीचे किंवा नळाचे, कुठलेही पाणी लेन्सला लावायचे नाही. पाण्यातला अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्समागे राहिला तर बुबुळाला गंभीर जखम होते आणि नजर जाऊ शकते. लेन्स घालून विहिरीत उडी मारू नका. लेन्स घालून झोपू नका. लेन्स थुंकीने ओली करणे तर अजिबात नाही.

हात साबणाने धुऊन कोरडे केल्याशिवाय लेन्सला हात लावायचा नाही. डबीतले द्रावण रोज टाकून नवे घ्यायचे, जुन्यात भर घालायची नाही. ज्यांना फक्त सामन्याच्या दिवशी लेन्स लागते त्यांना एकदा वापरून फेकायच्या लेन्स सोयीच्या पडतात, कारण द्रावण आणि डबीचा खर्च आणि धोका दोन्ही वाचतात. पहिली लेन्स डॉक्टरांकडून किंवा ऑप्टोमेट्रिस्टकडून मापाने घ्या, ऑनलाइन नव्हे. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खर्च: कुठे करायचा, कुठे वाचवायचा

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे आहे त्या चष्म्याला सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा. तो साधारण शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. काडीच्या टोकाला लावायचे रबरी हूक त्याहून स्वस्त. बऱ्याच धावपटूंचे काम एवढ्यावर भागते.

दुसरा उपाय म्हणजे आपल्याच जुन्या मजबूत प्लास्टिकच्या फ्रेममध्ये पॉलिकार्बोनेट भिंग बसवून घेणे. फ्रेमचा खर्च वाचतो, पैसे फक्त भिंगाचे जातात. आमच्या मते आपल्या मुलांसाठी हाच सर्वात परवडणारा मार्ग आहे.

तिसरा उपाय, नंबरचे भिंग बसणारा स्पोर्ट्स गॉगल. आपल्याकडे तयार झालेला साधा गॉगल भिंगासह साधारण दोन ते चार हजारांत बसतो. परदेशी नावाजलेल्या कंपन्यांचे गॉगल दहा हजारांच्या पुढे जातात. त्यांत नावाचा वाटा मोठा असतो, जिल्हा पातळीपर्यंतच्या खेळाला त्यांची गरज नाही.

पैसे भिंगावर आणि मापावर खर्च करा. रंग, नाव, आरशासारखी चमक आणि निळ्या प्रकाशाचे कोटिंग यावर करू नका. मैदानावर निळ्या प्रकाशाच्या कोटिंगचा काही उपयोग नाही. चष्म्यावर धुके धरत असेल तर सौम्य साबणाने धुऊन कोरडा करा, बराच फरक पडतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यांवर आणि भिंगांवर जीएसटी ५ टक्के झाला आहे. बिल घेताना जुना दर लावला नाही ना हे पाहा. पक्के बिल घ्या, त्यावर भिंगाचा प्रकार लिहून घ्या. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. चष्मा लहान वस्तू आहे म्हणून हक्क लहान होत नाही.

भरतीला जाणाऱ्यांसाठी

पळायला सुरुवात करण्याआधी डोळे तपासा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत चष्म्याशिवाय एका डोळ्याची नजर ६/६ आणि दुसऱ्याची ६/९ मागितली जाते. राज्य पोलीस, सैन्य, रेल्वे आणि वन विभाग यांच्या अटी पदानुसार वेगळ्या असतात. आपण ज्या पदासाठी अर्ज करणार त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, अकॅडमीवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

लेसिकसारखे ऑपरेशन करून घेण्याआधीही तीच काळजी घ्या. ते १८ वर्षांनंतर आणि नंबर स्थिर झाल्यावरच करतात. काही दले असे ऑपरेशन झालेले उमेदवार घेत नाहीत, काही वयाच्या आणि कालावधीच्या अटींवर घेतात. कर्ज काढून ऑपरेशन करायचे आणि त्याच कारणाने बाद व्हायचे, असे होऊ नये.

रंगांधळेपणा हा बहुतेक वेळा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये पुष्कळ जास्त आढळतो. तो बरा करणारा चष्मा नाही. "हा चष्मा घाला, मेडिकल पास व्हाल" असे कुणी सांगितले तर पैसे देऊ नका. वेळीच कळले तर ही अट नसलेल्या पदाची तयारी करता येते आणि तीन वर्षे वाचतात.

कुणी जास्त सांभाळावे

ज्यांचा एक डोळा कमजोर आहे आणि चष्मा लावूनही त्या डोळ्याची नजर ६/१२ पेक्षा कमी राहते, त्यांनी चेंडूचा कुठलाही खेळ संरक्षक चष्म्याशिवाय खेळू नये आणि बॉक्सिंगसारखे खेळ टाळावेत. चांगला डोळा एकच आहे, तो गेला तर सगळे गेले. उणे ६ च्या पुढे नंबर असणाऱ्यांनी डोळ्याचा पडदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. मार लागल्यावर किंवा एरवीही डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखे झाले, काळे ठिपके वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे दिसले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. घरगुती थेंब टाकू नका, डोळा चोळू नका.

आपण समाज म्हणून काय करू शकतो

गावातल्या विहारात वर्षातून एकदा नेत्र तपासणी ठेवा. ती ऊसतोडीची कुटुंबे परतल्यावर ठेवा, म्हणजे सुटलेली मुले सापडतील. १४ एप्रिलचा सुमार त्यासाठी योग्य आहे, कारण बाहेर गेलेले लोक त्या वेळी गावात असतात. ग्रामीण रुग्णालयाला महिनाभर आधी लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एका रात्रीचा खर्च बाजूला काढला तर त्यातून किती खेळाडूंच्या जुन्या फ्रेममध्ये मजबूत भिंगे बसतील याचा हिशेब मंडळाने एकदा बैठकीत मांडावा. स्पर्धेत विजेत्या संघाला मोठा चषक देण्याऐवजी नंबर असलेल्या खेळाडूला चष्मा द्या. चषक कपाटात राहतो, चष्मा मैदानावर येतो.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो कुठे जातो हे ग्रामसभेत विचारा आणि मुलांच्या चष्म्याची मागणी ठरावात घ्या. वापरात नसलेल्या चांगल्या फ्रेम विहारात जमा करा. भिंगे बदलून त्या दुसऱ्याच्या कामी येतात. जुने नंबरचे चष्मे मात्र तसेच वाटू नका, दुसऱ्याचा नंबर आपल्या डोळ्याला चालत नाही.

बाबासाहेबांची दृष्टी शेवटच्या वर्षांत मधुमेहामुळे फार क्षीण झाली होती, तरी त्यांनी लिहिणे-वाचणे सोडले नाही. आपल्या मुला-मुलींना तर एका साध्या चष्म्याने सगळे स्पष्ट दिसणार आहे. तो चष्मा त्यांच्यापर्यंत पोचवणे अवघड नाही. या आठवड्यात आपल्या संघातल्या प्रत्येकाचा एकेक डोळा झाकून दिनदर्शिका वाचून घ्या. ज्याला दिसणार नाही त्याला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. सुरुवात एवढीच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!